पऱ्यापलीकडची सात मुलं

नववीच्या निकालाच्या बैठकीत मी गप्प बसले होते. त्या गप्प बसण्यातून पुढे काय काय झालं ते मी कधी सलग कुणाला सांगितलेलं नाही. तुकड्यातुकड्याने सांगितलं, आणि दर वेळी स्वतःला सोडवून घेऊन सांगितलं.

मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटून गेलं होतं, म्हणजे साल त्र्याऐंशी. मी पंचवीस वर्षांची. माहेर रत्नागिरी शहरात, आणि नोकरी मुंबई-गोवा रस्त्यावरच्या हातखंब्याहून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावच्या हायस्कुलात. पाचवी ते दहावीची शाळा होती. मी गणित आणि विज्ञान शिकवत असे. गावातच एक खोली घेतली होती, शनिवारी दुपारच्या एस.टी.ने घरी जायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचं.

आमच्या मुख्याध्यापकांनीच ती शाळा काढलेली. सुरुवातीला देवळाच्या सभामंडपात वर्ग भरायचे, आणि ते वाडीवाडीत फिरून मुलं मागून आणायचे, असं जुनी माणसं सांगत. मी रुजू झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. माणूस कडक नव्हता. मुलांवर हात उचललेला मी कधी पाहिला नाही. पण दोन वर्षं लागोपाठ दहावीचा निकाल पार खाली गेला होता. इंग्रजीच्या शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी होती, त्यामुळे निकाल घसरणारच होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी मात्र जागेबद्दल काही विचारलं नाही. पुढेही निकाल असाच लागला तर दहावीच्या वर्गाच्या मान्यतेचा विचार करावा लागेल, एवढं सांगून ते गेले.

एप्रिलच्या त्या बैठकीत मुख्याध्यापक म्हणाले, "दहावीचा वर्ग गेला तर मुलगे एखादवेळेस रत्नागिरीला जातील. मुलींना कोण पाठवणार? तेव्हा यंदा नववीतच गाळायचं. कुणालाही वाढीव गुण द्यायचे नाहीत."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

मी गणितात नापास झालेल्यांची यादी वाचायला घेतली. अकरा नावं होती. त्यात एक मुलगी होती, तिला एकतीस गुण. पस्तीसला पास. आदल्या वर्षापर्यंत असे तीन-चार गुण आम्ही न विचारता घालून मुलांना वर ढकलत होतो. तिच्या नावापाशी मी थांबले. का थांबले ते मलाच नीट कळलं नाही. तिची हजेरी पूर्ण असायची, शेवटच्या बाकावर बसायची, परकराचा काठ बहुतेक वेळा ओला असायचा, याहून जास्त मला तिच्याबद्दल माहीत नव्हतं.

"किती?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"एकतीस," मी म्हटलं, आणि पुढचं नाव वाचलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. माझ्याकडे सहावीचा वर्ग होता. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, एक लहानशी वाडी आहे, तिथली सात मुलं आमच्याकडे यायची, सहावी ते आठवीतली. त्यातली तीन माझ्या वर्गात. ती पहिल्या आठवड्यात आली नाहीत. पेरणी असेल म्हणून मी सोडून दिलं. मग लावणी आली, म्हणून पुन्हा सोडून दिलं. जुलै संपत आला तरी सातांपैकी एकही दिसेना, तेव्हा मी गेल्या वर्षीचा हजेरीपट काढून पाहिला. शाळेला लागून घरं असलेली मुलं ऐन पावसात पंधरा-पंधरा दिवस गैरहजर होती. आणि या सात जणांची मात्र ओळीने हजेरी. वाडी तासाभराच्या चालीवर, मध्ये पऱ्या. पऱ्या म्हणजे उन्हाळ्यात दगडगोट्यांची कोरडी वाट आणि जोराच्या पावसात छातीएवढं धावतं पाणी. त्यावर पूल नव्हता, लाकडाचा साकवही नव्हता.

मी शाळेच्या शिपाईमामांना विचारलं, "ही मुलं गेल्या वर्षी यायची कशी?"

ते घंटा पुसत होते. वर न बघता म्हणाले, "त्यांना आणणारी व्हती ती नववीत नापास झाली ना बाई. मंग कोणाबरोबर येतील?"

मी हजेरीपट मिटला आणि तासाला गेले. काय शिकवलं ते आठवत नाही.

त्या रविवारी मी घरी गेले नाही. सकाळी वाडीवर निघाले. नशिबाने दोन दिवस उघडीप होती, तरी पऱ्या ओलांडताना चपला हातात घ्याव्या लागल्या आणि दोनदा घसरून खाली बसले. वर सड्यावर पोचले तेव्हा माझ्या वर्गातली एक मुलगी गुरं घेऊन कातळावर उभी होती. मला बघून आधी लाजली, मग बरोबर चालायला लागली. वाटेत तिनेच सगळं सांगितलं.

"ताई आदी पऱ्याच्या वरच्या अंगाला बघायची. पाणी गढूळ व्हायला लागलं की आमाला थांबवायची. मंग कितीपन वेळ थांबायचं. मोठा पुढं, मोठा मागं, ल्हान मधी. ती सगल्यांत खाली उभी राह्यची, पाण्यात. कोन सुटला तर तिच्या अंगावर यायला पायजे म्हनून."

"आणि चालताना?"

"पाढे. चुकला त्यानं सगल्यांची दप्तरं न्यायची."

माझ्या वर्गात वाडीच्या मुलांचे पाढे सगळ्यांत पक्के होते. मी ते माझ्या शिकवण्याच्या खाती धरलं होतं.

एकतीस गुणांच्या त्या मुलीचे वडील अंगणात बसले होते. गिरणीत होते, संपामुळे गावी परतलेले. अंगावर मुंबईचा शर्ट, आणि हाताला काही काम नाही, अशी त्यांची बसण्याची पद्धत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सांगायला लागले. मुलगी हुशार आहे, जबाबदार आहे, तिला पुन्हा नववीत बसवा, मी स्वतः शिकवीन. ते शांतपणे ऐकत होते. मग आत जाऊन प्रगतिपुस्तक घेऊन आले आणि माझ्यापुढे धरलं.

"बाई, शालेनं लिवून दिलंय, नापास. आता तुमी तोंडानं सांगताय, हुशार हाय. दोनातलं खरं कुठलं मानू?"

त्या प्रगतिपुस्तकावर गणिताच्या रकान्यात माझी सही होती.

"तिची मामी मुंबईला बोलवतेय," ते म्हणाले. "तिला तान्हा पोर हाय. ही संभालील. हितं ठेवून काय करू? परत नापास झाली तर?"

"होणार नाही."

"मंग तुमी लिवून द्या."

एवढ्यात ती दारात आली. हात चिखलाने भरलेले, लावणीवरून आली असावी. मला म्हणाली, "बाई, किती कमी पडले?"

"चार."

तिने मान हलवली. तिला वाटलं होतं त्याहून ते कमी होते की जास्त, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी घाईघाईने म्हटलं, "निदान मुलांना तरी सोडायला ये गं. ती घरी बसलीत."

"फाटकापरत येऊ आनि परत जाऊ?" ती म्हणाली. "पोरं वर्गात जातील बाई. मी कुठं जाऊ?"

परत खोलीवर येऊन मी शाळेचा छापील कागद घेतला आणि लिहिलं. ही विद्यार्थिनी गेले वर्षभर पऱ्यापलीकडच्या सात मुलांना रोज शाळेत घेऊन येत होती. पावसाळ्यात यातील एकही मूल तिच्यामुळे गैरहजर राहिलेले नाही. वाटेत ती त्यांचे पाढे घेते. तिने शाळेत राहावे अशी शाळेची इच्छा आहे. मी गणिताची शिक्षिका असून एवढी चार वाक्यं लिहायला मला दोन तास लागले. पुन्हा पुन्हा वाटत होतं की हे कुठल्या नमुन्यात बसतं, आणि ते कशातच बसत नव्हतं.

मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, यावर मी सही केली तर उरलेल्या दहा जणांचे आईबाप उद्या दारात येतील. आणि ते खोटे नसतील. त्यांच्या मुलांतही काहीतरी असेलच. आपण पाहिलं नाही, इतकंच."

"मग पाहू या ना, सर."

"पाहिलं, तर लिहिणार कुठे? तपासणीला येणारा माणूस माझ्याकडे निकालाचा कागद मागतो. ह्याला त्याच्यात रकाना नाही." मग कागदाची घडी घालत, "राहू दे माझ्याकडे."

त्यांनी तो खणात टाकला. मला राग आला होता. त्याहून जास्त भीती वाटत होती. कारण दिवस जात होते, आणि सहामाही जवळ आली की त्या सातांना पुन्हा बसवणं अवघड होणार होतं. मी ठरवलं की मीच आणीन त्यांना. त्यात इतकं काय आहे, असंही मला मनातून वाटत होतं. ते मी आता कबूल करते.

पहाटे उठून मी वाडीवर जायला लागले. पहिल्या दिवशी तीन मुलं आली, तिसऱ्या दिवशी पाच, आठवडा झाल्यावर सातही. त्यांच्या आया दारात उभ्या राहून बघायच्या. मी मुलांना मोठा पुढे, मोठा मागे, लहान मध्ये असं लावायची, आणि स्वतः पुढच्या मुलाचा हात धरायची. खाली उभं राहायला हवं हे मला सांगितलेलं होतं. पण पुढे राहून हात धरला की आपण धरून आहोत असं वाटतं. पाण्यात एकटं, कुणाचा हात न धरता, सगळ्यांच्या खाली उभं राहणं मला जमत नव्हतं.

नवव्या की दहाव्या दिवशी सकाळ कोरडी होती. वर कुठेतरी पाऊस झाला असणार. आम्ही मध्यावर असताना पाण्याचा रंग बदलला. मला तो दिसला, पण त्याचा अर्थ लगेच डोक्यात शिरला नाही. मुलांनी मात्र ओळखलं. मागची मोठी मुलगी ओरडली, "बाई, मागं." मी मागे की पुढे यात अडकले. तेवढ्यात पाणी कमरेला आलं आणि सहावीतला सगळ्यांत लहान मुलगा रांगेतून सुटला.

खाली कुणीच नव्हतं.

वीस-पंचवीस पावलांवर एक म्हातारा म्हशी धुवायला आला होता. त्याने काठी टाकून उडी घेतली आणि मुलाला दंडाला धरून बाहेर ओढला. मुलगा जगला. हात कोपराच्या वर मोडला होता. हातखंब्यापर्यंत उचलून नेला, तिथून एका ट्रकवाल्याने आम्हाला रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात सोडलं. प्लॅस्टर घालेपर्यंत त्याची आई बाकावर माझ्या शेजारी बसली होती. मी माफी मागत होते. कितीदा मागितली माहीत नाही. शेवटी ती म्हणाली, "बाई, तुमी शिकवा. ह्ये तुमचं काम न्हाय."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वाडीवरून एकही मूल आलं नाही, आणि मीही न्यायला गेले नाही. तिसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांपुढे उभी राहिले. माझं काय करायचं ते करा, म्हटलं. मला वाटत होतं ते रागावतील. त्यांनी फक्त खण उघडला, माझा तो कागद काढला, खाली सही केली. शिक्का मारला, तो पुसट उठला, म्हणून पॅड ओलं करून दुसऱ्यांदा मारला.

"उद्या मीही येतो," ते म्हणाले.

ते छत्रीचा आधार घेत सडा चढले. दर थोड्या अंतरावर थांबायचे आणि दम लागला नाही असं दाखवायला आजूबाजूची झाडं बघायचे. वाडीत पोचलो तेव्हा तिचे वडील तसेच अंगणात होते. मुख्याध्यापकांना बघून उठून उभे राहिले. त्यांच्याच हाताखाली शिकलेले, सातवीपर्यंत.

"मुलगी कुठाय?" सरांनी विचारलं.

"गेली सर. मामा आलावता. शनवारच्या गाडीनं घेऊन गेला."

त्या दिवशी गुरुवार होता.

सरांनी तरीही कागद पुढे केला. वडिलांनी तो घेतला आणि एकेक शब्द लावत मोठ्याने वाचला. तिची आई दारात येऊन ऐकत उभी राहिली. वाचून झाल्यावर त्यांनी कागद पालटून मागची बाजू बघितली, तिथे काही नव्हतं.

"ह्याच्यात पास लिवलेलं न्हाय," ते म्हणाले.

"नाही," सर म्हणाले. "ते मला लिहिता येत नाही."

"मंग ह्यो कागद तिकडं कोनाला दाखवायचा?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होते.

उतरताना सर मध्येच एका कातळावर बसले. मला वाटलं दम लागला. छत्री आडवी ठेवत म्हणाले, "शाळा काढली तेव्हा मी मुलं मोजायचो. आज किती आली. पाऊस पडला की जीव थाऱ्यावर नसायचा, उद्या किती येतील म्हणून. ते मोजायचं कधी सुटलं?" मग म्हणाले, "सात मुलं घरी बसली, बाई. अकरा खाली बसवली, त्यातली किती परत आली तुम्हाला माहितीये?"

"चार."

"आणि माझा निकाल यंदा सुधारणार."

तो सुधारलाच. पुढच्या जूनमध्ये आमच्या शाळेचा दहावीचा निकाल आजवरचा सगळ्यांत चांगला लागला. मान्यतेचा प्रश्न मिटला. तालुक्याच्या कार्यक्रमात सरांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. साहेबांनी भाषणात आमची शाळा इतरांनी डोळ्यांपुढे ठेवावी असं सांगितलं. मी तिसऱ्या रांगेत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मीही वाजवल्या. सर शाल घेऊन खुर्चीवर परत आले आणि त्यांनी ती घडी करून मांडीवर ठेवली, खांद्यावर घेतली नाही.

नववीची त्या वर्षीची बैठक मात्र त्याआधी, एप्रिलमध्येच झाली होती. या वेळी मी बोलले. नापासांच्या यादीतल्या प्रत्येक नावापाशी मी थांबले आणि त्या मुलाबद्दल मला जे माहीत होतं ते सांगितलं. वर्षभर मी त्याच्याच मागे होते. कोण आजारी आईचं सगळं करून येतो, कोण शाळेचा पंप दुरुस्त करतो, कोण मुक्या भावाला बोटांच्या खुणांनी वाचायला शिकवते. सहकारी कंटाळले. एक जण म्हणाले, बाई, हे सगळं दहावीच्या पेपरात येतं का? माझा आवाज चढला, मग रडूही आलं, आणि ते आल्याबद्दल मला स्वतःचाच राग आला. अखेर सरांनी तिघांना वाढीव गुण देऊन वर घातलं.

त्या तिघांतले दोघे पुढच्या वर्षी दहावीत नापास झाले. निकाल घसरला. सर त्याच वर्षी निवृत्त झाले, घसरलेल्या निकालावर. निरोपाच्या भाषणात त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मी त्यांच्यावर अन्याय केला का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नापास झालेल्या दोघांपैकी एकाने ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा दिली आणि सुटला. दुसरा सुटला नाही. माझं म्हणणं बरोबर ठरलं असं म्हणण्याइतपत पुरावा माझ्याजवळ कधीच जमला नाही.

वाडीच्या सात मुलांपैकी दोघं परत आली, पऱ्यावर साकव झाल्यावर, दोन वर्षं वाया घालवून. बाकीची आली नाहीत. हात मोडलेला मुलगा त्यातलाच. त्याचा हात पुढे पूर्ण सरळ होत नसे असं मी ऐकलं. बघायला जायचं धैर्य झालं नाही.

दशक संपता संपता मी बदली घेऊन शहरातल्या शाळेत आले. एका दुपारी रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर तिचे वडील दिसले. गिरणी सुटलेलीच होती, आता गावीच असत. त्यांनी मला ओळखलं, नमस्कार केला.

"ती कशी आहे?" मी विचारलं.

"बरी हाय. लगीन झालं. डोंबिवलीला असतात."

"काही काम करते?"

"घरकाम करते चार ठिकानी. एक मुलगी हाय तिला. आता बालवाडीत घातली."

मी पत्ता मागितला. त्यांना तोंडपाठ नव्हता, घरी लिहिलेला आहे म्हणाले, कुणाबरोबर तरी पाठवतो. त्यांची गाडी लागली होती, कंडक्टर दार लावायला आला होता. ते पिशवी सावरत चढले. तो पत्ता काही आला नाही, आणि मीही पुन्हा मागवला नाही. हातात पत्ता असता तर मी काय लिहिलं असतं? तुला वर घालायला हवं होतं, एवढंच ना. ते तिला तेव्हाच कळलं होतं.